पेटी तीच, मार्का वेगळा! (नेस्टेड क्लास आणि पॅटर्न मॅचिंगचा घोळ)

कलमवाला

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच माफी मागतो. (नंतर भर: ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांनी सरळ सोलकढी यांच्या प्रतिसादावर उडी मारा.)

मी नोकरी पुण्यातल्या कंपनीची करतो, पण बसतो देवगड तालुक्यातल्या घरी. मार्च ते मे घरात माझ्या ऑफिसपेक्षा मोठं ऑफिस चालतं, ते काकांच्या आंब्याच्या कलमांचं. तीन बागा, रोजची काढणी, प्रतवारी, पेट्या भरणं, पेटीवर मार्का मारणं, संध्याकाळी टेम्पो वाशीला, आणि दोन-तीन दिवसांनी दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब. सगळा हिशेब काकांच्या वहीत. मीच गेल्या वर्षी शहाणपणा केला की वही कशाला, प्रोग्राम लिहून देतो. ऑफिसात स्काला ही प्रोग्रामिंगची भाषा वापरतो (अजून २.१२ या जुन्या आवृत्तीवरच आहोत, हसू नका), म्हणून तीच घेतली.

कोड असा. इथे वाचायला सोपं म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय, कुणी जसंच्या तसं टाइप करू नका.

    क्लास बाग(नाव: स्ट्रिंग) {
      केस क्लास पेटी(डझन: इंट) एक्स्टेंड्स नोंद
      केस क्लास क्रेट(नग: इंट) एक्स्टेंड्स नोंद

      डेफ मोज(न: नोंद): इंट = न मॅच {
        केस पेटी(ड)  => ड * १२
        केस क्रेट(न) => न
        केस _       => ०
      }
    }

'नोंद' हे बाहेर असलेलं साधं ट्रेट, म्हणजे पेटी आणि क्रेट दोघांचा सामाईक प्रकार. 'मॅच' आलेली नोंद एकेका 'केस'शी जुळवून बघतो (हेच पॅटर्न मॅचिंग), आणि 'केस _' म्हणजे बाकी काहीही. पेटी बागेची, म्हणून क्लासही बागेच्या क्लासमध्ये ठेवला. मला तेव्हा हे फार सुबक वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी वहीत ११८ पेट्या, प्रोग्राम म्हणतो ७१. मी काकांना छातीठोकपणे सांगितलं की वहीत काहीतरी दोनदा लिहिलंय. काका काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. दोन दिवसांनी पट्टी आली, त्यात ११६.

मग रात्री बसून शोधलं. यादीत ११८ नोंदी आहेत. हरवलेल्या ४७ पैकी एक छापून बघितली, तर व्यवस्थित 'पेटी(५)'. गेटक्लास (वस्तूचा क्लास सांगणारी मेथड) विचारला, तर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या दोन्ही पेट्यांचा क्लास एकच, 'बाग$पेटी'. तरी ४७ पेट्या 'केस _' मध्ये जाऊन शून्य मोजल्या जातायत. आणि कहर म्हणजे पेटी(५) == पेटी(५) हे कधी ट्रू, कधी फॉल्स!

केस क्लासची बरोबरी आतल्या किमतींवरून होते असं आपण सगळे शिकलो ना? डोकं चालेनासं झालंय. कुणाला काही सुचतंय का?

खाडीपलीकडे

पहिला प्रश्न, तो 'केस _ => ०' कशासाठी? तो नसता तर मॅचएरर येऊन प्रोग्राम तिथेच आपटला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. माहीत नसलेली वस्तू आली की शून्य धरायचं, हे हिशेबाच्या प्रोग्राममध्ये मी तरी कधी लिहिणार नाही.

दुसरं, क्लास एकच आणि तरी मॅच होत नाही हे जावात एकाच कारणाने बघितलंय: तोच क्लास दोन वेगवेगळ्या क्लासलोडरनी (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागांनी) लोड झालेला असतो. नाव एक, पण जेव्हीएमच्या (जावा-स्काला चालवणाऱ्या यंत्रणेच्या) लेखी क्लास दोन. ॲप सर्व्हरवर काम केलेल्यांनी 'पेटी कॅनॉट बी कास्ट टू पेटी' छापाचे एरर बघितले असतील.

तुमचाच नमुना मी आत्ता जावात लिहून बघितला. आतली पेटी स्टॅटिक नाही (म्हणजे बाहेरच्या ऑब्जेक्टशी बांधलेली), बागा दोन, आणि 'ओ इन्स्टन्सऑफ बाग.पेटी पे'. दोन्ही बागांच्या पेट्या मुकाट मॅच होतात.

कलमवाला

केस _ बद्दलच्या शिव्या मान्य. क्लासलोडर एकच आहे, साधा प्रोग्राम, एक जार, लॅपटॉपवर चालतो.

सुरंगी

नेस्टेड पॅटर्नमध्ये आतला पॅटर्न जुळला नाही तर बाहेरचाही जुळत नाही, तसं काही झालं असेल का? म्हणजे रेषा(बिंदू(क्ष, य), बिंदू(_, _)) यासारखं?

सोलकढी

सुरंगी, तो नेस्टेड पॅटर्न. इथे नेस्टेड क्लास आहे. नावं सारखी म्हणून भल्याभल्यांची गल्लत होते. तुमच्या उदाहरणात एका वस्तूच्या पोटात दुसरी वस्तू आहे आणि पॅटर्न दोन्ही उघडून बघतो. कलमवाल्यांच्या कोडमध्ये वस्तू वस्तूत नाही, क्लासची व्याख्या दुसऱ्या क्लासच्या आत आहे. प्रकरण वेगळं.

आता मूळ प्रश्न. तुमचा प्रोग्राम चुकत नाहीये, तुम्ही लिहिलंय तेच इमानदारीत करतोय.

स्कालात क्लासच्या आत क्लास लिहिला की आतला टाइप बाहेरच्या *क्लासचा* होत नाही, बाहेरच्या *ऑब्जेक्टचा* होतो. दोन बागा केल्यात, 'अ' आणि 'ब', तर अ.पेटी आणि ब.पेटी हे दोन निरनिराळे टाइप. याला पाथ डिपेंडंट टाइप म्हणतात. २००४ साली स्काला बाहेर आली तेव्हापासून ही त्या भाषेची खासियत आहे. ओडर्स्की आणि त्यांच्या लोझानच्या मंडळींचा हा आवडता विषय.

जेव्हीएमला यातलं काही कळत नाही. तिच्याकडे एकच क्लास, बाग$पेटी. म्हणून गेटक्लास तुम्हाला एकच उत्तर देतो. मग स्काला हा भेद चालवते कसा? प्रत्येक पेटीच्या आत एक लपलेलं फील्ड असतं, '$आउटर', आणि त्यात ती पेटी ज्या बागेतून निघाली त्या बागेचा पत्ता. तुम्ही बागेच्या आत बसून 'केस पेटी(ड)' लिहिता तेव्हा कंपायलर त्याचे दोन प्रश्न करतो:

    न.इजइन्स्टन्सऑफ[पेटी]  &&  (न.$आउटर ईक्यू धिस)

म्हणजे 'तू पेटी आहेस का?' आणि 'तू *माझ्याच* बागेची आहेस का?' दुसऱ्या प्रश्नात 'ईक्यू' आहे, '==' नाही, हे नीट बघा. बागेचं नाव, मालक, सगळं तेच असून भागत नाही. मेमरीतला तोच ऑब्जेक्ट हवा.

केस क्लासला कंपायलर जो इक्वल्स लिहून देतो त्यातही हीच तपासणी घुसते. म्हणून तुमची पेटी(५) == पेटी(५) कधी खरी, कधी खोटी. दोघी एकाच बाग ऑब्जेक्टच्या असल्या तर खरी.

तेव्हा प्रश्न पॅटर्न मॅचिंगचा नाहीच. एका बागेचे दोन ऑब्जेक्ट कुठे तयार होतायत ते शोधा.

मालवणी खाजा

माका स्काला बिला कळना नाय, पण सोलकढीन सांगलेला ह्या आमच्या वाडीत कोणाक पण कळतला. पेटयेर मार्को असता. पेटी सगळ्यांची सारखीच, लाकूड तेचा, पेंढो तोच. वाशीचो दलाल आधी मार्को बघता, मगे पेटी उघडता. कलमवाल्या, तुझो प्रोग्राम मार्को बघता हा आणि तुका वाटता तो खाली पेटी बघता!

सोलकढी

खाजा, दंडवत! पुढच्या वेळी ऑफिसात समजावताना $आउटर म्हणणारच नाही, मार्का म्हणेन.

आणि हीच गोष्ट धरून जावाचं सांगतो, म्हणजे खाडीपलीकडे यांचा प्रयोग का चालला ते कळेल. जावातही आतल्या क्लासला मार्का असतो, 'धिस$०' या नावाचा. इनर क्लास जावात १.१ पासून आहेत, म्हणजे १९९७ पासून. पण इन्स्टन्सऑफ तो मार्का बघतच नाही, फक्त पेटी आहे का तेवढंच विचारतो. जावा १६ मध्ये इन्स्टन्सऑफला पॅटर्न आला, २१ मध्ये स्विचलाही आला, तरी हा स्वभाव बदललेला नाही. कुठल्याही बागेची पेटी चालते.

खाडीपलीकडे

बरोबर. आणि जावात मार्का बघायचाच असेल तर हाताने बघावा लागतो, तोही सरळ नाही. बाहेरून 'पे चा बाहेरचा ऑब्जेक्ट दे' असं म्हणायला जावात सोयच नाही. पेटीच्या आत एक मेथड लिहून 'बाग.धिस' परत करायचं, मग स्विचमध्ये:

    केस बाग.पेटी पे व्हेन पे.बाग() == धिस -> ...

यात एक गंमत अशी, की जावा १८ पासून कंपायलर हुशार झालाय. आतल्या क्लासने बाहेरच्या ऑब्जेक्टला कुठे हातच लावला नसेल तर तो धिस$० फील्ड टाकतच नाही. मार्का वापरत नाही ना, मग शाई कशाला वाया घालवा. त्याने मेमरीही वाचते, कारण एरवी एक चिमुकली पेटी हातात धरून ठेवली की तिच्यामागे अख्खी बाग मेमरीत अडकून राहते. अँड्रॉइडवाल्यांना हे दुखणं पाठ आहे: ॲक्टिव्हिटीच्या (ॲपच्या एका स्क्रीनच्या) आत स्टॅटिक नसलेला हँडलर लिहायचा आणि मग स्क्रीन बंद केला तरी ॲक्टिव्हिटी मेमरीतून का जात नाही म्हणून कपाळाला हात लावायचा.

रेकॉर्डची (नुसता डेटा ठेवणाऱ्या क्लासची) तर बातच वेगळी. जावा २१ मध्ये पेटी(इंट ड) असा पॅटर्न लिहून आतली किंमत काढता येते, पण फक्त रेकॉर्डवर. आणि रेकॉर्ड दुसऱ्या क्लासच्या आत लिहिला तरी तो आपोआप स्टॅटिक असतो, त्याला बाहेरचा ऑब्जेक्ट नसतोच. म्हणजे जिथे पेटी उघडून बघता येते तिथे मार्काच नाही. जावाने हा वाद मुळातच टाळला असं माझं मत. मला ते पटतं.

सोलकढी

मला नाही पटत. :) 'कुणाची' हा प्रश्न कंपायलरने विचारावा असं वाटणारी कामं असतात. स्कालाचा स्वतःचा कंपायलरच बघा. त्यातली झाडं, म्हणजे ट्री, 'ग्लोबल' नावाच्या क्लासच्या आत आहेत. एका ग्लोबलचं झाड दुसऱ्यात कलम करायला गेलात तर कंपाइल होतानाच अडवतो. मॅक्रो (कंपाइल होतानाच कोड तयार करणारा कोड) लिहिणारे 'सी.युनिव्हर्स.ट्री' असं पुन्हा पुन्हा लिहितात ते त्यासाठीच. वैताग येतो, मान्य. पण दोन कंपायलरांची झाडं एकमेकांत मिसळल्यावर जो वैताग येईल त्यापेक्षा कमी.

कलमवाला

सापडलं!!

लाजिरवाणं आहे, पण लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

आमच्याकडे लाइट जाते हे मे महिन्यात सांगायची गोष्ट नाही. काकांकडचा लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट गेली की लॅपटॉप बंद. म्हणून मी अशी सोय केली होती की प्रत्येक नोंदीनंतर सगळी यादी जावाच्या सीरियलायझेशनने फाइलमध्ये उतरवायची, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की ती वाचायची.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एरर आला होता: नॉटसीरियलायझेबलएक्सेप्शन, आणि नाव *बाग* क्लासचं. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी फाइलमध्ये पेट्या लिहितोय, बाग कुठून आली मध्येच? पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दुसऱ्या दिवशी काढणी. मी बागेलाच 'एक्स्टेंड्स सीरियलायझेबल' लावून त्याचं तोंड बंद केलं आणि झोपलो.

आता उलगडतंय. पेटी फाइलमध्ये जाताना आपला मार्का, म्हणजे अख्खी बाग, बरोबर घेऊन जाते. वाचताना त्या बागेची नवी *प्रत* तयार होते. आणि प्रोग्राम सुरू होताना मी 'न्यू बाग("टेंब")' वेगळी करतोच. झाल्या दोन बागा, दोन्हींचं नाव टेंब! त्या दिवशी दुपारी बारा-सव्वाबाराला लाइट गेली होती. सकाळच्या ४७ पेट्या फाइलमधून परत आल्या त्या जुन्या बागेच्या प्रतीचा मार्का घेऊन. दुपारच्या ७१ नव्या बागेच्या. मोजणारी नवी बाग.

ज्या दिवशी लाइट गेली नाही त्या दिवशी हिशेब बरोबर यायचा. म्हणून इतके दिवस कळलं नाही.

काकांना सांगितलं. 'मंजे लाइट गेली की पेट्या जातात?' असं म्हणाले आणि हसत सुटले. मी त्यांना वही चुकली म्हणालो होतो ते ते विसरलेले नाहीत, हेही त्या हसण्यात होतं.

भरतीओहोटी

'तोंड बंद केलं आणि झोपलो'. हा प्रत्येक बगचा जन्मदाखला आहे.

सोलकढी

अप्रतिम बग! जपून ठेवा. असाच प्रकार स्पार्कच्या (मोठ्या डेटावर काम करणाऱ्या साधनाच्या) शेलमध्ये फार जणांना चावलाय. शेलमध्ये तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ आतून एका क्लासमध्ये गुंडाळली जाते. तिथे केस क्लास लिहिला की तो नकळत आतला क्लास होतो. मग तो की म्हणून वापरून रिड्यूसबायकी केलं तर सारख्या की एकत्रच येईनात. लोक डेटा तपासत बसायचे आणि डेटात काही नसायचं.

आता दुरुस्ती. एक रस्ता असा की मार्का बघूच नको असं स्कालाला सांगायचं:

    केस प: बाग#पेटी => प.डझन * १२

तो '#' म्हणजे कुठल्याही बागेची पेटी. पण यात पेटी(ड) असं उघडता येत नाही, टाइप धरून मग फील्ड वाचायचं. चालतं, दिसायला ओबडधोबड.

एक पायवाट *घेऊ नका* म्हणून सांगतो, कारण नेटवर शोधलंत तर तिथेच पोचाल. पेटीला नुसतं 'फायनल' लावलंत तर तुमच्या २.१२ वर बग गायब झालेला दिसेल! कारण फायनल क्लासचा न वापरलेला $आउटर कंपायलर काढून टाकतो, मग तपासायला मार्काच उरत नाही, आणि सगळ्या पेट्या जुळतात. वर एक वॉर्निंग येते, अर्थ असा की या टाइप टेस्टमधला आउटर रेफरन्स चालताना तपासता येणार नाही. म्हणजे एक शब्द, जो वाचणाऱ्याला वारसा बंद करणारा वाटतो, तो गुपचूप मॅचिंगचा अर्थ बदलतो. कुणी सहा महिन्यांनी फायनल काढला की बग परत हजर. त्या वॉर्निंगकडे दुर्लक्ष करणारे मी पाहिलेत. त्यांतला एक मीच होतो.

माझ्या मते खरी दुरुस्ती म्हणजे पेटीला बागेच्या क्लासमधून काढून कंपॅनियन ऑब्जेक्टमध्ये (क्लासच्याच नावाच्या जोडीदार ऑब्जेक्टमध्ये) ठेवणं. ऑब्जेक्ट एकच असतो, मग मार्क्याचा प्रश्नच नाही. लिहिताना 'बाग.पेटी' असं सुबक नावही राहतं.

कलमवाला

पण मला बाग कुठली हे *हवं* आहे की! तिन्ही बागांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, टेंबावरची वाटणीची आहे.

सोलकढी

मग ते डेटा म्हणून ठेवा. मार्का पेटीवर रंगाने लिहिलेला असतो, वाचता येतो, फाइलमध्ये जातो, परत येतो. मेमरीतल्या पत्त्याला मार्का समजणं ही मूळ चूक.

    ऑब्जेक्ट बाग {
      फायनल केस क्लास पेटी(मार्का: स्ट्रिंग, डझन: इंट) एक्स्टेंड्स नोंद
    }

    न मॅच {
      केस पेटी(`नाव`, ड) => ड * १२
      ...

'नाव' भोवतीची ती उलटी टिकली विसरू नका. ती नसेल तर स्काला 'नाव' हे नवीन चल समजेल, आणि कुठलाही मार्का चालेल. (इथे फायनल लावायला हरकत नाही, ऑब्जेक्टच्या आत आहे.)

जांभादगड

वाचनमात्र होतो, पण इथे तोंड घालायलाच हवं. कोडमधली नावं *खरोखर* देवनागरीत लिहिली तर? स्कालाला युनिकोड अक्षरं चालतात.

चालतात, पण पॅटर्नमध्ये फजिती होते. स्कालाचा नियम असा की पॅटर्नमधलं नाव लहान लिपीतल्या अक्षराने सुरू झालं तर ते नवं चल, नाहीतर आधीपासून असलेलं मूल्य. आता देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नाही! स्कालाच्या लेखी 'ड' हे लहान अक्षर नाही, म्हणून 'केस पेटी(ड)' मधल्या ड ला तो नवं चल धरत नाही, ड नावाचं मूल्य शोधायला जातो आणि सापडलं नाही म्हणून ओरडतो. उलट सोलकढींची ती उलटी टिकली देवनागरीत लागणारच नाही. मी एकदा हौसेने अख्खा प्रोग्राम मराठीत लिहायला घेतला होता, पहिल्याच मॅचला गाडी अडली. शेवटी प्रत्येक चलाच्या आधी रोमन लिपीतलं एक बारीक अक्षर चिकटवलं. वाचायला भयानक.

कलमवाला

हाहा! म्हणजे मी रोमनमध्ये लिहिलं ते नशीबच.

भरतीओहोटी

पायथनवाल्यांनी फार खूश होऊ नये म्हणून लिहितो. मी मुलांच्या शिकवण्या घेतो, ३.१० पासून पायथनलाही मॅच-केस आलंय (ऑक्टोबर २०२१), आणि नेस्टेड क्लास आला की दर बॅचमध्ये त्याच तीन खड्ड्यांत मुलं पडतात.

पायथनमध्ये आतल्या क्लासला मार्का वगैरे काही नसतं. क्लासच्या आत क्लास म्हणजे नुसती नावाची सोय, कपाटातला खण. त्यामुळे कलमवाल्यांचा बग इथे होणार नाही. पण बागेच्या मेथडमध्ये बसून 'केस पेटी(ड):' लिहिलंत तर नेमएरर! क्लासच्या अंगातली नावं त्याच्या मेथडना थेट दिसत नाहीत. 'केस बाग.पेटी(ड):' किंवा 'केस सेल्फ.पेटी(ड):' लिहायला लागतं. जावातून आलेल्यांना हे अन्यायाचं वाटतं.

कंसाचा खड्डा त्याहून खोल. 'केस पेटी:' असं कंसाशिवाय लिहिलं तर ते क्लासशी जुळवणं नाहीच. 'जे येईल ते पेटी या नावात घाल' असा अर्थ होतो, म्हणजे सगळंच जुळतं. ते मधल्या केसमध्ये लिहिलं तर बरं, कारण पुढच्या केसपर्यंत कधी पोचणारच नाही म्हणून पायथन सिंटॅक्सएरर देतो. शेवटच्या केसमध्ये लिहिलं तर चिडीचूप. आणि 'केस बाग.पेटी:' लिहिलं तर बरोबर उलटं: टिंब आलं की पायथन ते मूल्य समजतो आणि == ने ताडून बघतो. कुठलीही पेटी 'पेटी या क्लास'बरोबर समान नसते, म्हणून कधीच जुळत नाही. एक टिंब असलं तर काहीच नाही, नसलं तर सगळंच!

तिसरा खड्डा कलमवाल्यांच्या जवळचा. फंक्शनच्या आत क्लास लिहिला तर फंक्शन जितक्या वेळा चालेल तितके नवे क्लास तयार होतात. नाव एक, छापून बघितलं तर सारखे, पण इन्स्टन्स तपासला तर फॉल्स. पायथनमध्ये स्कालासारखा 'कुणाची पेटी' हा भेद हवाच असेल तर तो असा मिळतो, बहुतेकांना नको असताना मिळतो. एक बरं आहे, असल्या लोकल क्लासचा ऑब्जेक्ट पिकल होत नाही, लगेच एरर येतो. लाइट गेल्यावर परत यायचा प्रश्नच नाही.

मालवणी खाजा

पिकल म्हणजे लोणचा? आंब्याचा?

भरतीओहोटी

ऑब्जेक्ट फाइलमध्ये मुरत घालायचं. तेच ते.

सुरंगी

कोटलिनबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे आत लिहिलेला क्लास मुळात बाहेरच्याशी बांधलेला नसतोच. बांधायचा असेल तर 'इनर' असा शब्द स्वतःहून लिहावा लागतो. 'व्हेन' मधला 'इज बाग.पेटी' जावासारखाच, बागेचा ऑब्जेक्ट बघत नाही. जावात उलटं आहे, 'स्टॅटिक' लिहायला विसरलात की बांधलात. विसरल्यावर काय होतं यावरून भाषा निवडावी.

खाडीपलीकडे

+१. जावात आयडीईच 'हा क्लास स्टॅटिक करता येईल' म्हणून पिवळं दाखवतो. दाखवतो तेव्हा ऐकावं.

कलमवाला

झालं काम. पेटी आणि क्रेट दोन्ही कंपॅनियन ऑब्जेक्टमध्ये हलवले, मार्का स्ट्रिंग म्हणून आत घातला, नोंदला सील्ड केलं (म्हणजे एखादी केस राहिली तर कंपायलरच सांगेल) आणि 'केस _' काढून टाकला (खाडीपलीकडे, खूश?). सीरियलायझेशनला रामराम, आता साधी मजकुराची फाइल, एक नोंद एक ओळ. काकांनाही नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. जुन्या फाइली आता वाचता येत नाहीत, क्लासच बदलला. म्हणून लाइट गेलेल्या दिवसांच्या नोंदी काकांच्या वहीवरून पुन्हा घातल्या. हो, त्याच वहीवरून.

मुद्दाम प्लग काढून तीन वेळा बघितलं. ११८ च्या ११८.

जांभादगड

पण पट्टीत ११६ होत्या ना? उरलेल्या दोन कुठल्या केसमध्ये गेल्या?

कलमवाला

पनवेलला आत्याकडे. काकूने टेम्पोवाल्याला परस्पर सांगितलं होतं, वहीतही नाही आणि प्रोग्राममध्येही नाही. 'भेट' नावाचा केस क्लास घालतोय. मार्का काकूचा.